एका इंचात तेरा ठिपके

१९ जानेवारी २००४, सोमवार

पालीच्या म्हाळू मेंढपाळाचा मूळ, मोठा फोटो आता कुठेही शिल्लक नाही. माझी मुलगी ईश्वरी हिने आज दुपारी साडेबाराला तशी खात्री दिली. ती कॉलेजात संगणकशास्त्र शिकते. घरचा संगणक, सगळ्या फ्लॉप्या आणि दोन्ही सीड्या तिने तपासल्या. जो फोटो आहे तो रुंदीला चारशे ऐंशी आणि उंचीला सहाशे चाळीस ठिपक्यांचा. कॅमेऱ्याने तो काढला तेव्हा बाराशे बाय सोळाशेचा होता.

"मग मधल्यामध्ये कमी कुणी केला?" मी विचारलं.

"बाबा, फाईलवर तारीख आहे. अठरा मे दोन हजार दोन, संध्याकाळी पाच बावन्न. तेव्हा या घरात संगणकाला हात लावणारे तुम्ही एकटेच होतात."

अठ्ठावीस वर्षं बीडला वार्ताहर आहे. तारीख, वेळ आणि माणूस मिळाला की आम्ही बातमी पक्की धरतो. ही पक्की आहे.

त्या दिवशी बिंदुसरा धरणाच्या तळात पाणी नव्हतं. भेगाळलेल्या गाळावर म्हाळू आपली मेंढरं घेऊन उभा होता. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, नजर थेट माझ्याकडे. ऑफिसने जिल्ह्यांच्या वार्ताहरांना नुकतेच डिजिटल कॅमेरे दिले होते. औरंगाबादच्या डेस्कला सहाच्या आत फोटो हवा होता. मोठा फोटो फोनच्या लाईनवरून पाठवायचा तर अर्धा तास लागायचा आणि लाईन मध्येच तुटायची. म्हणून मी तो लहान केला, त्याच नावाने सेव्ह केला, पाठवला, आणि दुसऱ्या दिवसासाठी कॅमेऱ्यातलं कार्ड पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी फोटो पहिल्या पानावर होता. डेस्कने फोन करून शाबासकी दिली.

गेल्या वर्षी माघात म्हाळू वारला. त्याचा दुसरा फोटो नाही. गावात फोटोवाला आला की हा मेंढरांमागे बाहेर असायचा. वर्षश्राद्ध येत्या सहा फेब्रुवारीला आहे. संक्रांतीच्या आधी त्याचा मुलगा बंकट घरी आला होता. त्याला मी संगणकावर फोटो दाखवला. पडदाभर म्हाळू. बंकटने चपला उंबऱ्याबाहेर काढून ठेवल्या आणि पडद्याला हात जोडले. बापाचं चित्र काढायला त्याने चौसाळ्याच्या एका पेंटरला सांगून ठेवलं होतं. मी हसून म्हणालो, "पेंटर कशाला? हा भिंतीएवढा करून देतो." त्याने पेंटरला नको म्हणून कळवलं. पेंटर आता पुण्याला गेलाय.

फोटो मी स्टँडसमोरच्या राधाकिशनच्या कलर लॅबमध्ये दिला. लहान फोटो तो स्वतः छापतो, मोठं काम औरंगाबादला पाठवतो. तीन फूट बाय चार फूट सांगितलं. राधाकिशनने फाईल उघडली, माझ्याकडे पाहिलं आणि ऑर्डर घेतली.

परवा, शनिवारी, बंकटने ती गुंडाळी आमच्या बैठकीत जमिनीवर उलगडली. चौकोनच चौकोन.

"आप्पा, हे काय झालं? माझ्या बापाच्या डोळ्यात विटा बसवल्यात."

मी म्हणालो, "लॅबवाल्याने घाण केलेली दिसतेय."

शनिवारी मला तसं खरंच वाटलं होतं. निदान तसं वाटत असावं.

२० जानेवारी, मंगळवार

राधाकिशनकडे गेलो. सांगायला गेलो होतो, पण विचारून आलो.

त्याने हातातलं भिंग माझ्यासमोर सरकवलं आणि एका लग्नाच्या फोटोवर धरायला लावलं. "आप्पा, काही दिसतंय? न्हाई ना. एका इंचात तीनशे ठिपके हायत. एवढे दाट बसले की डोळ्याला ठिपका सुटा दिसत न्हाई."

"आणि आपला?"

त्याने पाकिटाच्या मागे हिशेब मांडला. उंची चार फूट, म्हणजे अठ्ठेचाळीस इंच. ठिपके सहाशे चाळीस. "एका इंचात तेरा. तीनशेच्या जागी तेरा."

"पण पडद्यावर तर पडदाभर दिसतो."

"पडदाच केवढा? उभा घेतला तर सहाशे ठिपक्यांचा. त्याला तुमचा सहाशे चाळीसचा फोटो भरून उरतो. पडदा थोडक्यात भागवतो, आप्पा. कागदाची भूक मोठी." मग त्याने माझ्यासाठी चहा सांगितला.

बंकट त्याच्याकडे येऊन गेला का, हे मी विचारलं नाही. त्यानेही विषय काढला नाही. परत येताना मला बरं वाटत होतं, कारण आता कारण नीट समजलं होतं. कारण समजलं की अर्धं काम झालं, असं मी नव्या वार्ताहरांना सांगत आलोय.

२२ जानेवारी, गुरुवार

जिल्हा परिषदेची सभा, दोन बातम्या. बंकटचा घरी फोन आला होता. मी बाहेर आहे म्हणून सांगायला लावलं. मी ओसरीवरच होतो.

२५ जानेवारी, रविवार

हे लिहायचं नव्हतं.

बाजाराचा दिवस. अकराच्या सुमाराला मी लॅबसमोरच्या हॉटेलात बसलो होतो. बंकट आणि त्याचा मेहुणा रामेश्वर रस्ता ओलांडून लॅबच्या पायरीवर गेले. बंकटचा आवाज पार हॉटेलपर्यंत येत होता.

"कावून केलं बे असं? माझा बाप मेलेला हाय. दुसऱ्यांदा फोटोला कुठून उभा करू त्याला?"

राधाकिशन काउंटरमागून बाहेर आला. पन्नाशीचा माणूस, चष्मा कपाळावर. त्याने हात जोडले.

"चुकलं भाऊ. माफ करा."

"माफीनं डोळे येतेत का परत? आमी अडाणी म्हणून कसलं बी छापून देतो व्हय? रामेश्वर, बघून ठेव हे दुकान. आपल्या कुण्या माणसाला इथं पाय ठेवू देऊ नको."

बाजारातली माणसं थांबली होती. कुणीतरी म्हणालं, "भरवशाचं माणूस दिसत होतं की." राधाकिशनने एकदा रस्त्याच्या या बाजूला, हॉटेलकडे पाहिलं. मी पेपर वर धरला. माझाच पेपर होता.

ते दोघं गेल्यावरही मी पेपर खाली घेतला नाही. चहावर साय धरली होती. तशीच प्यालो.

राधाकिशन गप्प राहिला, कारण पेपरचं सगळं छपाईचं काम माझ्याकडून त्याला जातं. धंदेवाईक माणूस आहे, काम घालवणार नाही. असं मी घरी येईपर्यंत स्वतःला समजावलं. त्यानेही पोट भरलं नाही.

२७ जानेवारी, मंगळवार

माझी बायको नीलम्मा हिने सकाळी तिळगुळाचा डबा पुढे ठेवला. "राधाकिशनभाऊंना दिला नाहीत यंदा. उद्या रथसप्तमी. उद्यानंतर देता येत नाही."

"बघतो," म्हणालो.

"दरवर्षी तुम्हीच तर आठवणीने देता."

हिला नेमकं राधाकिशनचंच नाव का सुचावं, कळत नाही. गल्लीत इतकी घरं आहेत.

२८ जानेवारी, बुधवार

मी तहसीलला गेलो होतो, तेव्हा नीलम्मा स्वतः जाऊन राधाकिशनला तिळगूळ देऊन आली. रिकामा डबा घासून पालथा घातलेला दिसला. रात्री तिने मला वाढलं, पण बोलली नाही. उन्हातून चालून दमली असेल.

३० जानेवारी, शुक्रवार

ईश्वरीला बसवून फोटो मोठा करून पाहिला. संगणकात आकडा बदलता येतो. सहाशे चाळीसच्या जागी सहा हजार लिहिलं तर तो नाही म्हणत नाही. अर्धं मिनिट थांबला आणि फोटो मोठा झाला. विटा गेल्या होत्या. त्यांच्या जागी धूर होता.

"हे मधले ठिपके आणले कुठून त्याने?" मी विचारलं.

"मनाने भरले. शेजारचे दोन ठिपके बघायचे आणि मधला अंदाजाने टाकायचा. नवीन काही येत नाही बाबा. मिशीतला एकेक केस गेला तो गेलाच."

"पेपरातल्या कात्रणावरून?"

"त्यात तर आणखी कमी आहे. पेपराने याचेच शाईचे ठिपके केले होते." मग ती म्हणाली, "तुमचे सगळेच तसे आहेत. मी मोजले. अकराशे बारा. दोन वर्षांतला एकही मोठा नाही."

अकराशे बारा. चारा छावण्या, यात्रा, शाळांची छपरं, निवडून आलेले आणि पडलेले. सगळे पडद्यापुरते.

मधलं अंदाजाने भरणं मला नवीन नाही. सभेला उशिरा पोचलो की "टाळ्यांच्या कडकडाटात" असं मी कितीदा लिहिलंय. या वहीत तरी तसं करू नये, म्हणून एक खुलासा. पेपरात आम्ही खुलासा चौथ्या पानावर, खाली, बारीक अक्षरात देतो. तो मी इथे साध्या अक्षरात देतो.

१९ तारखेच्या नोंदीत मी लिहिलं की राधाकिशनने माझ्याकडे पाहिलं आणि ऑर्डर घेतली. त्या दोन गोष्टींच्या मध्ये तो बोलला होता. "आप्पा, फाईल लई बारीक हाय. मोठा करू नका, पस्तावाल." मी म्हणालो होतो, "तू छाप. मला फोटोतलं शिकवू नको." आणि हे बंकटच्या देखत म्हणालो नाही, एवढंच बरं असं तेव्हा वाटलं. आता वाटतं, बंकटच्या देखत म्हणालो असतो तर बरं झालं असतं.

म्हणजे शनिवारीही मला खरं माहीत होतं.

१ फेब्रुवारी, रविवार

पालीला गेलो. बंकट मेंढरांमागे असणार, अशी वेळ निवडली. हेही लिहून ठेवतो.

धरणाच्या भिंतीवरून स्कूटर खाली उतरवली आणि थांबलो. समोर, दोन-तीनशे पावलांवर, म्हाळू उभा होता. घोंगडं, काठी, नजर माझ्याकडे. विटा नाहीत, धूर नाही. स्कूटर तिथेच लावून चालत निघालो. जसजसा जवळ गेलो तसा तो विस्कटत गेला. पन्नास पावलांवर डोळे गेले, वीस पावलांवर तोंड गेलं. शेवटी दोन बांबूंना ताणून बांधलेले नुसते चौकोन राहिले.

त्याच्या सावलीत म्हाळूची बायको बायडाबाई चाती फिरवत लोकर कातत बसली होती. सत्तरीच्या पुढची बाई.

"बंकट फेकून देत होता," ती म्हणाली. "मी म्हनलं, तोंड हाय त्याच्यावर. तोंड कुठं फेकतेत का?"

"लांबून चांगला दिसतो," मी म्हणालो. मला ते आशेने म्हणावंसं वाटलं. पुढे म्हणालो की तिथून मला अगदी जिवंत वाटला, मंडपाच्या मागच्या बाजूला उंच बांधला तर लोकांना कळणारही नाही.

"लांबून बराय," ती म्हणाली. चाती थांबली नाही. "पन पाया पडायला जवळच यावं लागतंय, आप्पा."

मग तिने विचारलं, "हे कावून झालं? लॅबवाल्यानं खरंच वाटोळं केलं का?"

मी सांगितलं. सहाची वेळ, फोनची लाईन, त्याच नावाने सेव्ह केलेली फाईल. सोळाशेचे सहाशे चाळीस मीच केले. राधाकिशनने नको म्हटलं होतं. तिला ठिपके समजतील की नाही म्हणून मी फाफटपसारा सांगत होतो. तिने हात वर करून मला थांबवलं आणि हातातला धागा माझ्यापुढे धरला.

"सूत एवढंच, आन् तुमी त्याच्यात भिंतीएवढं घोंगडं इनाया गेलात. मग जाळंच व्हनार की." तिने धागा पुन्हा चातीवर घेतला. "बाकीचं सूत कुठं गेलं?"

"मी टाकून दिलं."

"सांच्याला घाई होती म्हणून."

"हो."

मेंढरांचा आवाज लांबून येत होता.

"हाय तेवढ्या सुतात केवढं होतंय?"

मी बोटांनी दाखवलं. राधाकिशनच्या हिशेबाने दोन इंच आणि वर थोडं. आगपेटीएवढं.

"तेवढ्यात डोळे दिसतेत?"

"दिसतात. मिशीसुद्धा."

"मग तेवढंच करा. आमच्या देवात पितरांचे चांदीचे टाक केवढे हायत? ह्या अंगठ्याएवढे. सासऱ्याचा टाक हाय, आजेसासऱ्याचा हाय. कुनी म्हनलं न्हाई भिंतीएवढे करा म्हणून. हे भिंतीचं खूळ तुमीच काढलं."

मला वाटलं, सुटलो. मी उठायला लागलो.

"बसा," ती म्हणाली. "आमच्या पोरानं भर बाजारात त्या मानसाला शिव्या घातल्या. त्यानं हात जोडले म्हनं. न केलेल्या कामाचे. ते हात कोन सोडवनार?"

"मी बंकटला सांगतो. गाठून सांगतो."

"गाठून न्हाई. बाजारात झालंय ते गाठून मिटत न्हाई. वर्षश्राद्धाला पंगत बसायच्या आधी समदी भावकी असंल. तवा उभं राहून सांगा. आन् त्या मानसाला संगं आना. मी बंकटला आधी काही सांगनार न्हाई. माझ्या तोंडानं गेलं तर तुमचं तोंड वाचतंय."

उतरत्या उन्हात धरणाच्या भिंतीवर आल्यावर मागे वळून पाहिलं. म्हाळू पुन्हा उभा होता. फार वेळ पाहवलं नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

राधाकिशनकडे गेलो आणि या वेळी आधी बोललो, मग बसलो. वाक्यं पाठ करून गेलो होतो. त्यातलं एकच बाहेर आलं. "त्या रविवारी मी समोर होतो."

"माहीत हाय. पेपर उलटा धरलेला दिसला," तो म्हणाला. हसला नाही.

"मग तू का नाही बोललास? माझ्याकडचं काम जाईल म्हणून?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की प्रश्न परत घ्यावासा वाटला. "आप्पा, पेपरच्या कामावर माझा महिन्याचा चहा बी निघत न्हाई. तो मानूस बापासाठी रडत होता. त्याला म्हनू का, माझी न्हाई, त्याची चूक हाय? त्याला कुणीतरी एक पाहिजे होतं. मला वाटलं, तुमी दोन दिवसांत सांगताल." मग म्हणाला, "वहिनी तिळगूळ घेऊन आल्या तवा वाटलं, आता सांगितलंच असंल."

"नीलम्मा काय म्हणाली?"

"काहीच न्हाई. डबा दिला आन् रडल्या."

तेव्हा मला डब्याचं समजलं. माणसाने घरातली बातमी एवढ्या उशिरा मिळवावी.

राधाकिशनने ड्रॉवरमधून एक पाकीट काढलं. आत म्हाळू होता. दोन इंचांचा, स्वच्छ. डोळे, मिशी, घोंगड्याची किनार, मागे एका मेंढराचा कान. "मोठ्याच्या आधी नमुना काढलता," तो म्हणाला. "सतरा तारखेला बंकटला गुंडाळीबरोबर देनार होतो, पन त्यानं गुंडाळी उघडली न्हाई. तुमच्या घरी जाऊन तुमच्याम्होरंच उघडायची म्हनला, आन् हे पाकीट न घेताच गेला."

पाकिटावर त्याच्या अक्षरात लिहिलं होतं : हा बरोबर आहे.

पालीला यायचं की नाही, हे तो उद्या सांगतो म्हणाला. "गिऱ्हाइकांनी शिव्या दिल्या त्याचं काही न्हाई. पन मला मधी उभं करून तुमची माफी मोठी करू नका."

५ फेब्रुवारी, गुरुवार

राधाकिशन येतो म्हणाला. मागे, बसलेल्या माणसांत बसेन, उभा राहणार नाही, या अटीवर.

उद्या बोलायच्या चार ओळी लिहून काढल्या. पहिल्या खर्ड्यात "तांत्रिक अडचणीमुळे" आलं होतं. खोडलं. दुसऱ्यात "घाईगडबडीत अनवधानाने" आलं. तेही खोडलं. त्या वेळी घाई होती हे खरं, पण गेल्या एकोणीस दिवसांत कसलीही घाई नव्हती. बातमीत सगळ्यात महत्त्वाचं ते पहिल्या वाक्यात असावं, हे मी शिकवतो. तेव्हा पहिलं वाक्य असं : म्हाळूबाबांचा मोठा फोटो मी पुसला, आणि नाव राधाकिशनचं घेतलं. उरलेल्या तीन ओळींची गरज नाही, असं नीलम्मा म्हणाली. त्या फाडल्या.

ईश्वरीने आजपासून संगणकात दोन फोल्डर केले आहेत. एक पेपरला पाठवायच्या लहान फोटोंचं, दुसरं मोठ्यांचं. दुसऱ्यात अजून एकही फोटो नाही.

सकाळी आठला राधाकिशनला त्याच्या घरून घ्यायचं आहे. नीलम्मा ईश्वरीबरोबर रिक्षाने येईल. फोटो बायडाबाईच्या हातात द्यायचा आहे, बंकटच्या नाही, असा तिचा निरोप आहे. पंगत बाराच्या सुमाराला बसेल आणि त्याआधी मी उभा राहायचं आहे. बंकटला अजून काहीही माहीत नाही. ऐकल्यावर तो काय करेल, याबाबत खात्रीलायक काही सांगता येत नाही. राधाकिशनला तो म्हणाला ते सगळं उद्या मला म्हणाला तर तिथे समोर धरायला माझ्याकडे पेपर नसेल.